मार्गदर्शनाचा मुहूर्त आठवीतला हवा

दहावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत तालुक्या-तालुक्यात करिअर मार्गदर्शन मेळावे सुरू होतात. मंगल कार्यालय, व्यासपीठावर पुढारी, नव्वद टक्क्यांच्या वरच्यांना ट्रॉफी, मग पाऊण तासाचे भाषण आणि दारात क्लासवाल्यांचे स्टॉल. भाषणात काही चुकीचे असते असे नाही. चुकलेली असते ती वेळ. त्या दिवशी समोर बसलेल्या मुलांपैकी ज्यांचा हात चित्रकलेत चांगला आहे, त्यांनी इंटरमिजिएट परीक्षा दिली असती तर श्रेणीनुसार ७, ५ किंवा ३ वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले गेले असते. ती संधी गेली. ज्यांना लष्करात अधिकारी व्हायचे आहे, त्यांच्यासाठी राज्य सरकारने १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था चालवली आहे आणि २०२३ पासून मुलींसाठी नाशिकला चालवली आहे. तिथल्या प्रवेशाचा अर्ज दहावीत असतानाच भरायचा असतो. तोही गेला. आठवीत एनएमएमएस ही गरीब घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा दिली असती आणि निवड झाली असती तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळाले असते. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण या मेळाव्यांच्या बॅनरवर शोभून दिसेल.

मार्गदर्शन निकालानंतर नव्हे तर आठवीपासून, आणि भाषणातून नव्हे तर वेळापत्रकातल्या तासांतून व्हायला हवे, असे आमचे म्हणणे आहे. त्याचा बराचसा भाग ‘तुला काय आवडते’ या प्रश्नाचा नसून विषय, कागद, तारखा आणि पैसा यांचा आहे. आवडीचा प्रश्न गौण नाही, पण तो एकटा पुरत नाही, आणि आपण तोच एक वर्षानुवर्षे विचारत आलो आहोत.

२०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली. कृषी, वाणिज्य, कला व मानव्यविद्या, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत मुलाचा ओढा कुठे आहे, ते त्यात दाखवले जाई. कल्पना चांगली होती. पण अहवाल मुलाच्या हातात पडे तो दहावी संपल्यावर, आणि तो सोबत बसून वाचायला शाळेत माणूस नसे. ‘गणवेशधारी सेवा’ असे छापलेला कागद घेऊन मूल घरी गेले की पुढे काय? पोलीस भरतीला बारावी पास, वय १८ पूर्ण आणि मुलांना १६५, मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते. अग्निवीर होण्याचे वय साडेसतरापासून सुरू होते, सेवा चार वर्षांची असते आणि त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. एनडीएला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवेच. चाचणीने कल सांगितला, वाट कोणी सांगितली नाही. त्या पोकळीत मग बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणारे दुकानदार शिरले. हजारो रुपये घेऊन रंगीत अहवाल देणाऱ्या या चाचण्यांना काडीचाही शास्त्रीय आधार नाही, आणि ज्या शाळा त्यांना आपला वर्ग उघडून देतात त्यांना याचा जाब विचारला पाहिजे.

विषयनिवडीकडे येऊ, कारण सगळ्यात महाग चुका इथे होतात.

अकरावीत मूल जेव्हा ‘गणित नको’ म्हणते, तेव्हा ते एक विषय सोडत असते आणि त्याच वेळी दहा दरवाजे बंद करत असते. जीवशास्त्राचा गट घेऊन गणित सोडले तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, वास्तुशास्त्र, व्यावसायिक वैमानिक, मर्चंट नेव्हीतला डेक किंवा इंजिनचा रस्ता बंद होतो. औषधनिर्माणशास्त्र आणि बी.एस्सी. कृषी मात्र दोन्ही गटांना खुले राहतात, हे फार थोड्यांना माहीत असते. कॉमर्समध्ये ‘मॅथ्स की एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)’ असा पर्याय येतो आणि मुले सोपे म्हणून एस.पी. घेतात. त्यात वाईट काही नाही, पण ज्याला सीए व्हायचे आहे त्याला फाउंडेशन या पहिल्या परीक्षेच्या चार पेपरांपैकी तिसऱ्यात, शंभर गुणांसाठी, गणित, तर्क आणि संख्याशास्त्र भेटणारच असते; दोन वर्षे सोडलेले गणित मग चार महिन्यांत उकरून काढावे लागते. अभियांत्रिकीच्या राज्य सीईटीत, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेत, २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, कारण तिथे गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत आणि भौतिक-रसायनच्या प्रश्नाला एक. नववीतच ज्याचे बीजगणित डळमळीत आहे, त्याला हा हिशेब नववीतच कळायला हवा. म्हणजे एकतर पाया भरायला दोन वर्षे मिळतात, किंवा डोळे उघडे ठेवून वेगळी वाट निवडता येते. गंमत अशी की अभियांत्रिकीला निघालेली मुलेच अकरावीला सुट्टीचे वर्ष समजतात. सीईटीचा वीस टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, आणि बारावीच्या फेब्रुवारीत तो पुन्हा उघडायला कोणाला वेळ नसतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे अकरावी हीच एक शिडी आहे असे मानणे. हिशेब मांडून बघा. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, अशी अभियंता व्हायला सहा वर्षे लागतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनातली पदविका तीन वर्षांची, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश आणि आणखी तीन वर्षे, म्हणजे तीही सहाच. फरक इतकाच की दुसऱ्या वाटेवर तीन वर्षांनी हातात नोकरीयोग्य पदविका असते, पहिल्या वाटेवर बारावीच्या गुणपत्रिकेशिवाय काही नसते. आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन केलेल्या मुलाला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. तिथून दोन वर्षे, मग पदवीची तीन. एकूण सात. एक वर्ष जास्त, पण दर टप्प्यावर थांबता येते आणि कमावता येते. ज्या घरात वडील रोजंदारीवर आहेत तिथे ‘थांबता येते’ याला फार किंमत आहे.

पदविकेची भलामण करताना तिथला खड्डाही सांगायला हवा. मराठी माध्यमातून आलेली मुले पहिल्या सत्रातच मूलभूत गणितात आणि इंग्रजीतल्या जर्नल लिहिण्यात अडकतात. दहावीला ८० टक्के मिळालेला मुलगा पहिल्या सत्राच्या निकालात दोन विषय राहिले म्हणून घरी येऊन बसतो, आणि घरच्यांना वाटते पोराचे लक्ष उडाले. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि पदविकेचे वर्ग पावसाळ्यात सुरू होतात. मधल्या महिन्यांत त्रिकोणमिती, लॉगॅरिदम आणि तीनशे-चारशे तांत्रिक इंग्रजी शब्द करून घेतले तर हा खड्डा बराच भरतो. हे काम शाळेतला गणिताचा शिक्षक करू शकतो. आज ते कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

आयटीआयबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. तिथे नापास मुले जातात, असे शिक्षकच वर्गात म्हणतात. चांगल्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची जागा गुणवत्ता यादीनेच मिळते आणि ती यादी खाली येत नाही. उलट, दहावीत एक-दोन विषय राहिलेल्या मुलाला मात्र आपल्यापुढे किती पर्याय आहेत हे कोणी सांगत नाही. जून-जुलैची पुरवणी परीक्षा, एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर) अकरावीत प्रवेश, काही आयटीआय व्यवसायांना दहावी नापास चालणे, पुन्हा बसायचे तर शाळेतूनच पुनर्परीक्षार्थी म्हणून अर्ज. निकालाच्या दुपारी हे घरच्यांना सांगणारा एक फोन शाळेतून गेला, तर काही मुलींची लग्ने थांबतील. गुणवंतांच्या सत्कारापेक्षा हा फोन महत्त्वाचा आहे.

आता कागद. हा भाग रटाळ आहे, आणि म्हणूनच मार्गदर्शनाच्या भाषणांत तो येत नाही. पण मागासवर्गीय आणि गरीब मुलांच्या हातून जागा जातात त्या बुद्धीपायी नव्हे, कागदापायी.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे जातो. समिती पुरावा मागते तो मुलाचा नव्हे, पूर्वजांचा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा. म्हणजे आजोबा, चुलत आजोबा किंवा पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा शोधायचा, तो नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद बघायची. जुनी नोंद मोडी लिपीत असली तर लिप्यंतर करून घ्यायचे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत घराण्यातल्या कोणाची वैधता झाली आहे का, हे वंशावळ मांडून बघायचे. यात सहज सहा महिने जातात. बारावीच्या निकालानंतर सुरुवात केली तर केवळ अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो आणि मुदत टळली की राखीव जागा हातची जाते. दर जुलैत वर्तमानपत्रांत मुदतवाढीच्या मागण्या येतात त्या यामुळेच. वंशावळीचे काम नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत होण्याजोगे आहे: आजीजवळ बसून नावे लिहायची, कोण कुठल्या गावच्या शाळेत गेले ते विचारायचे. इतिहासाचा याहून चांगला प्रकल्प कुठला असेल?

नावातली चूक याहून किरकोळ वाटते आणि जास्त छळते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘ज्ञानेश्वर’, आधारवर ‘द्न्यानेश्वर’, बँकेत ‘माऊली’. मूल शाळेत असेपर्यंत रजिस्टरमधली दुरुस्ती रीतसर प्रस्ताव पाठवून करता येते. दाखला हातात पडला की ती फार अवघड होऊन बसते. म्हणून नववीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक मुलाचे आधार, जन्मदाखला आणि रजिस्टर समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघावे. चाळीस मुलांच्या वर्गाला दोन दुपारी लागतात.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे मागासवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याच्या, प्रमाणपत्रावर ते कोणत्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे हे लिहिलेले असते आणि ती ओळ कोणी वाचत नाही. जूनमध्ये ते कालबाह्य निघते, आणि जूनमध्ये सेतू केंद्रात रांग असते, सर्व्हर बंद असतो, तलाठी दौऱ्यावर असतो. तेच काम एप्रिलमध्ये आठ-पंधरा दिवसांत होते.

पैशाच्या बाबतीत तर नुसत्या अज्ञानाने लाखोंचा फटका बसतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण अट अशी की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. पहिल्या फेरीत नाव आले नाही म्हणून घाबरून एखादा बाप व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतो, तेव्हा तो चार वर्षांची माफी आपल्या हाताने सोडून देत असतो, आणि हे त्याला सांगणारे त्या टेबलापलीकडे कोणी नसते. सांगण्यात कोणाचा फायदाही नसतो. शिवाय माफी शुल्काची आहे, वसतिगृहाची आणि खाणावळीची नाही; तो खर्च वेगळा मांडावा लागतो. त्यासाठी समाजकल्याण विभागाची वसतिगृहे, तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना, इतरांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा सोयी आहेत. शिष्यवृत्तीचा पैसा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येतो तो आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच. खाते उघडले पण आधार जोडणी झाली नाही, म्हणून अडकलेले हप्ते ही दरवर्षीची रड आहे. आणि अर्ज दरवर्षी नूतनीकरण करायचा असतो, एकदाच नव्हे.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. शहरातल्या पालकांना ही पद्धत ओळखीची होती. गावातल्या मुलांचे पसंतीक्रम मात्र नेटकॅफेवाल्याने भरले. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या हुकतात, हा नियम न कळल्याने मुले नावाजलेले पण तीस किलोमीटर दूरचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहितात आणि मग एसटी पासचा प्रश्न उभा राहतो. पसंतीक्रम लिहिण्याची तालीम फेब्रुवारीत कागदावर करून घ्यावी: गेल्या वर्षीचे प्रवर्गनिहाय कटऑफ समोर ठेवायचे, आपल्या अपेक्षित गुणांच्या वरची तीन, आसपासची चार, खालची तीन नावे लिहायची, आणि प्रत्येकापुढे अंतर, बसची वेळ आणि वर्षाचा खर्च मांडायचा. पहिल्या क्रमांकावर तेच, जिथे खरोखर जाणार आहात.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला म्हणजे आठवी फार लवकर. तेरा वर्षांच्या पोराला काय कळते? आठवीत निवड करून घ्या असे कोणी म्हणत नाही. दरवाजे बंद होऊ नयेत यासाठी आठवी. आणि क्लासवाल्यांना आठवी मुळीच लवकर वाटत नाही. जेईई-नीटच्या ‘फाउंडेशन’ तुकड्या आठवीपासूनच सुरू होतात, शिष्यवृत्ती परीक्षेच्या नावाखाली शाळेत येऊन मुलांचे फोन नंबर घेऊन जातात. विकणारा आठवीत पोहोचतो आणि सांगणारा दहावीनंतर, यात काय तर्क आहे?

दुसरा आक्षेप, सगळी माहिती मोबाइलवर आहे. आहे. पण २०२४ मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना राज्यात सीईटी लागू झाली तेव्हा कॉमर्सच्या कितीतरी मुलांना ते मुदत उलटल्यावर कळले, आणि सीईटी कक्षाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. संकेतस्थळावर सूचना होतीच. ती आपल्यासाठी आहे हे ओळखणारा कोणी नव्हता.

तिसरा आक्षेप खरा आहे: शिक्षकाला वेळ कुठे? मतदार याद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, यात त्याचे कंबरडे आधीच मोडले आहे. म्हणून हे काम ‘आवडीने करा’ म्हणून टाकता येणार नाही. त्याला तास लागतील: आठवीत सहा, नववीत आठ, दहावीत दहा. तीन वर्षांत चोवीस तास म्हणजे काही फार मागणे नाही. एका शाळेत एक शिक्षक, त्याला त्या बदल्यात इतर कामांतून सूट, आणि जे शिक्षकाला जमणारे नाही, जसे अभिक्षमता चाचणीचे वाचन किंवा घरच्यांच्या दबावाखाली कोमेजलेल्या मुलाशी बोलणे, त्यासाठी फिरता समुपदेशक. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचवला होता. प्राथमिक शाळांसाठी केंद्रप्रमुखांची रचना आपण साधारण याच प्रमाणात उभी केली. माध्यमिकसाठी मात्र साठ वर्षे ती शिफारस कागदावरच आहे.

चोवीस तासांतले निम्मे तास फळ्यासमोर घालवू नयेत. तालुक्याची आयटीआय, तंत्रनिकेतन, ग्रामीण रुग्णालय, कृषी विज्ञान केंद्र आणि एमआयडीसीतला एखादा कारखाना, इतके आठवी-नववीत बघून व्हावे. जाताना प्रत्येक मुलाच्या वहीत पाच प्रश्न लिहिलेले हवेत: हे काम करणाऱ्याने दहावीनंतर काय केले, किती वर्षे आणि किती पैसे लागले, पहिला पगार किती होता, दिवसातले सगळ्यात कंटाळवाणे काम कोणते, आणि पुन्हा निवडायची वेळ आली तर काय निवडाल. चौथ्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यात उपयोगी पडते. रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरपाशीच न थांबता परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ आणि औषधनिर्माता यांच्याशी बोलणे व्हावे. एका इमारतीत पाच वेगवेगळी शिक्षणे काम करतात, हे वर्गात सांगून कळत नाही.

शेवटची मागणी शाळांकडे आहे. दर जूनमध्ये फाटकावर ‘१०० टक्के निकाल’ असा फलक लागतो. त्याच्या शेजारी आणखी एक फलक लावा, गेल्या वर्षीच्या दहावीचा, नावे न लिहिता, नुसत्या आकड्यांचा: अकरावी विज्ञानाला किती, वाणिज्य-कलेला किती, तंत्रनिकेतन, आयटीआय किती, पुरवणीत निघाले किती, प्रवेश घेऊन सोडून दिले किती, ऊसतोडीला गेले किती, लग्न झाले किती. आकडे दोनदा घ्यावे लागतील, एकदा प्रवेश संपल्यावर ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जानेवारीत, कारण गळती त्या पाच महिन्यांत होते. वर्गशिक्षकाच्या फोनमध्ये बहुतेक पालकांचे नंबर असतातच.